एका बाकावरच्या चौघी

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात विद्यार्थी-गुणगौरव समारंभाच्या प्रसंगी केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांला पत्र धाडले त्यात विषय दिला होता 'आपल्या समाजातील मुलींची प्रगती'. विषय सोपा आहे आणि टाळ्याही हमखास मिळवून देणारा आहे. अमुक डॉक्टर झाली, तमुक परदेशी गेली, अशी नावे वाचीत गेले की अर्धा तास सुखाने निघून जातो. ते काम आमच्यापूर्वीच्या वक्त्यांनी उत्तम रीतीने केलेच आहे. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक, त्यावर डी. एड्. करून सदतीस वर्षे मास्तरकी केली. आमच्याकडून पांडित्याची अपेक्षा आपण ठेवणार नाही, हे ठाऊक असल्यामुळेच आम्ही येथे उभे राहण्याचे धाडस केले. तथापि दिलेल्या विषयाला आज थोडा फाटा फुटणार आहे. त्याचा दोष आमच्या नातीकडे जातो.

नात अकरावीत आहे. सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीस, म्हणजे ३ जानेवारीस, तिने आणि तिच्या तीन मैत्रिणींनी विद्यालयात भित्तिपत्रक लावावयाचे ठरविले. सावित्रीबाईंचे चित्र मध्यभागी यावे याविषयी दुमत नव्हते. शेजारी कोण, यावर वाद झाला. एक मैत्रीण म्हणाली, शेजारी मुक्ता साळवे हिचे नाव हवे आणि तिने काय लिहिले तेही हवे. शिक्षिकाबाईंनी समजुतीच्या स्वरात सांगितले, "मुलींनो, आजचा दिवस स्त्रियांचा आहे. त्यात जातीचा विषय कशाला आणता?" मुली गप्प बसल्या नाहीत. त्यांनी भित्तिपत्रक लावलेच नाही. कोरा कागद टांगला व खाली चौघींनी सह्या केल्या. संध्याकाळी नात आमच्याकडे आली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही इतकी वर्षे शिकवलंत. बाईंचं बरोबर की आमचं?"

आम्ही तत्काळ उत्तर दिले नाही. म्हातारपणी उत्तर लांबणीवर टाकण्याची एक सोय असते. चष्मा पुसता येतो. खरे कारण निराळे होते आणि ते आज येथे सांगावयाचे आहे. त्यापूर्वी ही मुक्ता कोण, हे ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द बोलतो.

सावित्रीबाईंचा जन्म १८३१ चा. १८४८ मध्ये पुण्यात त्या मुलींना शिकवू लागल्या तेव्हा त्यांचे वय सतरा वर्षांचे होते. आपल्या आजच्या हिशेबाने त्याही बारावीतली मुलगीच. पुढे जोतीराव व सावित्रीबाईंनी मांग-महारांच्या मुलांसाठी ज्या शाळा काढल्या, त्यांतील मुक्ता ही एक विद्यार्थिनी. वय चौदाच्या आसपास, शिक्षण अवघे तीन वर्षांचे. तिने लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय' पत्राने १८५५ च्या १५ फेब्रुवारी व १ मार्च अशा दोन अंकांत छापला. विषय होता मांग-महारांचे दुःख. त्यात पेशवाईतील जुलमांचे वर्णन आहे. पोरांना उच्चवर्णीयांच्या मुलांनी दगड मारले तरी घरचे तक्रार करीत नाहीत, कारण उष्टे मागावयास त्याच दारात जावयाचे असते, असेही ती लिहिते. हे सारे तिच्या समाजातील एखाद्या शहाण्या पुरुषाने लिहिले असते असे आपण म्हणू शकू. परंतु त्याच निबंधात ती आपल्या जातीच्या बायकांच्या बाळंतपणाकडे वळते. घरावर छप्पर नाही, थंडी-पाऊस-वारा अंगावर घेत ती बाई बाळंत होते, आजारी पडली तर औषधाला पैसा कोठला, हे ती विचारते. आमच्या मते त्या निबंधातील ही जागा मोठी आहे. जातीच्या दुःखाचे गाऱ्हाणे मांडणाऱ्या पुरुषाला ती बाळंतीण सहसा दिसत नाही. स्त्रियांच्या दुःखाविषयी लिहिणाऱ्या त्या काळच्या सुधारकांना विधवेचे केशवपन दिसे, बालविवाह दिसे. परंतु छप्पर नसलेली बाळंतीण त्यांच्या वाड्यात नव्हतीच. ती दिसली चौदा वर्षांच्या मुलीला, कारण ती त्याच घरातून शाळेत येत होती.

नातीने आम्हांला या गोष्टीचे इंग्रजी नावही सांगितले. 'इंटरसेक्शनॅलिटी' असा तो जबडा दुखविणारा शब्द आहे. १९८९ साली किम्बर्ले क्रेनशॉ या अमेरिकेतील कृष्णवर्णीय विदुषीने तो कायद्याच्या चर्चेत आणला. भूमिती शिकविलेल्या मास्तराला शब्द समजावयास अडचण पडली नाही. दोन रेषा जेथे छेदतात तो बिंदू दोन्ही रेषांवर असतो. तिने दिलेले एक उदाहरण ऐकण्यासारखे आहे. सेंट लुइस येथे जनरल मोटर्स या मोटारींच्या कारखान्याविरुद्ध पाच कृष्णवर्णीय स्त्रिया न्यायालयात गेल्या. १९६४ पूर्वी त्या कारखान्याने एकाही कृष्णवर्णीय स्त्रीस कामावर घेतले नव्हते. पुढे मंदी आली आणि जो शेवटी आला तो प्रथम जाईल या सेवाज्येष्ठतेच्या नियमाने, १९७० नंतर लागलेल्या त्या साऱ्याजणी घरी बसल्या. १९७६ मध्ये न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले. कारखान्यात स्त्रिया पूर्वीपासून आहेत, सबब स्त्रियांवर अन्याय नाही. कृष्णवर्णीय म्हणून काही म्हणणे असेल तर तो दावा वेगळा चालवा. दोन्ही तक्रारी एकत्र बांधून नवा वर्ग उभा करता येणार नाही. आता त्या कारखान्यात पूर्वीपासून असलेल्या स्त्रिया होत्या गोऱ्या, कचेरीत बसणाऱ्या. आणि कृष्णवर्णीय कामगार होते ते पुरुष, यंत्रांपाशी उभे राहणारे. या पाचजणी कोणत्याच रकान्यात बसल्या नाहीत.

रकान्यांचा हा विषय निघाला आणि आम्ही चष्मा पुसू लागलो, कारण आमच्या हातून असाच एक रकाना भरला गेला होता.

२०११ सालची गोष्ट. एका खेड्यातील विद्यालयात आम्ही आठवीचे वर्गशिक्षक होतो. गावाचे व विद्यालयाचे नाव येथे घेत नाही. वर्गात डाव्या हाताच्या तिसऱ्या बाकावर चार मुली बसत. बाक तिघींचा, पण त्या चौघी बसत. एक आपल्या समाजाची. तिच्या वडिलांचे बाजारपेठेत शिवणकामाचे दुकान आहे आणि शाळेचे निम्मे गणवेश त्यांच्या यंत्रावर शिवले जात. दुसरी मातंग समाजाची, वर्गात गणितात पहिली. तिसरी मुसलमान, बापाची सायकल-दुरुस्तीची टपरी. चौथी बंजारा तांड्यावरची. दिवाळी झाली की आईबाप कोयता घेऊन कारखान्याकडे निघत, आणि तिचा भाऊ गावातल्या हंगामी वसतिगृहात राहून शाळा शिके. हिला मात्र धाकट्या भावंडास सांभाळण्यास व भाकरी थापण्यास आईबरोबर जावे लागे. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात, हे पुष्कळांना ठाऊक असेल. त्या एका कोयत्याआड आणखी एक चौदा वर्षांची मुलगी राबते, तिचा हिशेब कोणत्याच वहीत नसतो. ती फाल्गुनात परत येई तेव्हा मधल्या महिन्यांचा अभ्यास उरलेल्या तिघी वह्या उतरवून तिला देत. आम्हांला याचे कौतुक वाटे आणि आम्ही ते वर्गात बोलूनही दाखवीत असू.

त्या वेळी मागासवर्गीय मुलींसाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावाची शिष्यवृत्ती होती. आठवी ते दहावीस दरमहा शंभर रुपये, वर्षातील दहा महिने. तिचे अर्ज भरून घेणे वर्गशिक्षकाकडे असे. जातीचा दाखला, खातेपुस्तक, सारे तपासावे लागे आणि वेळ थोडा. आमची पद्धत अशी की हजेरी झाली की मोठ्याने म्हणावयाचे, "अमक्या अमक्या जातीच्या मुली उभ्या राहा." त्या उभ्या राहत, आम्ही कागद गोळा करीत असू. अनेक वर्षे आम्ही असेच केले. यात काही वावगे आहे असे आमच्या मनास शिवलेसुद्धा नाही. उलट सरकारची मदत पोरींपर्यंत पोहोचते याचे समाधान वाटे.

त्या दिवशी आम्ही तसेच म्हणालो आणि त्या बाकावरच्या चौघीही उभ्या राहिल्या. आम्हांस वाटले, पोरी गडबडल्या. आपल्या समाजाच्या मुलीस म्हणालो, "तू खाली बस. तुझे नाव यादीत नाही." ती बसली नाही. मुसलमान मुलगीही बसली नाही. मग मागच्या बाकावरील दोघी उठल्या, आणि पाहता पाहता वर्गातील एकूण एक मुलगी उभी. मुलगे हसू लागले. आम्ही छडी टेबलावर आपटली. मातंग मुलगी म्हणाली, आणि आजही तो स्वर आमच्या कानात आहे, "सर, माझा चुलतभाऊ याच वर्गात आहे. त्याची जात माझीच आहे. त्याला तुम्ही कधी उभं केलं नाही."

तो मुलगा तेथेच बसला होता, मान खाली घालून. शिष्यवृत्ती मुलींची, म्हणून त्यास उभे राहण्याचे कारण पडत नव्हते. वरच्या म्हणविणाऱ्या जातींच्या मुलींना यादीत नाव नसल्यामुळे कारण पडत नव्हते. सबंध वर्गासमोर जात सांगत उभे राहण्याची पाळी ज्यांच्यावर येई त्या मुलीही होत्या आणि त्या जातींच्याही होत्या. शासनाने त्यांच्यासाठी चांगले म्हणून जे केले होते त्याची आम्ही वर्गात दवंडी करून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या टेबलावर एकवीस मुलींच्या सह्यांचा अर्ज पडला. अक्षर आपल्या समाजाच्या मुलीचे होते. आम्हीच ते घोटवून घेतले होते. अर्जात तीन गोष्टी होत्या. शिष्यवृत्तीचे कागद कचेरीत एकेकीस बोलावून घ्यावेत. मुलींच्या स्वच्छतागृहाची किल्ली लेखनिकाच्या खुंटीवर न ठेवता मुलींकडे असावी, कारण महिन्यातील त्या दिवसांत किल्ली मागावयास पुरुषांच्या खोलीत जाणे मुलींस नको होते व म्हणून कित्येकजणी ते चार दिवस शाळेतच येत नसत. आणि तिसरी गोष्ट सफाईची. वर्ग झाडण्याची पाळी फक्त मुलींची असे, हे सर्वांना दिसत होते. त्यात आणखी एक पाळी होती, ती कोणी लिहून ठेवली नव्हती. झाडू कोणत्याही मुलीच्या हाती येई, पण स्वच्छतागृहाची बादली नेमकी मातंग मुलीच्याच हाती देण्यात येई. "तू चांगली धुतेस," असे तिला सांगत. सांगणाऱ्यांत आम्हीही होतो.

वेगळ्या स्वच्छतागृहाची तरतूद शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यातच आहे. ते आमच्या शाळेत होते, तपासणीच्या वेळी दाखविलेही जात होते. किल्लीचा उल्लेख कायद्यात नाही.

आता आमची कृती सांगतो. आम्ही त्या संध्याकाळी बाजारपेठेत गेलो, आपल्या समाजाच्या त्या मुलीच्या वडिलांच्या दुकानी. ज्ञातिबंधूच्या नात्याने गेलो, हे विशेष. त्यांनी चहा मागविला. आम्ही म्हणालो, "दादा, मुलगी हुशार आहे. पण ती कोणाबरोबर बसते-उठते याकडे लक्ष ठेवा. तिला या भानगडीत काय मिळणार आहे? तिचे तर यादीत नावसुद्धा नाही." ते साधे गृहस्थ. "मास्तर, तुम्ही सांगताय म्हणजे बरोबरच असणार," एवढेच बोलले. दुसऱ्या दिवसापासून मुलगी शाळेत आली नाही. आठ दिवस आली नाही.

त्या आठ दिवसांत तिसऱ्या बाकावर तिघीच होत्या. म्हणजे बाकाच्या नियमाप्रमाणे आता सारे यथास्थित होते. आठव्या दिवशी त्या तिघी शाळा सुटल्यावर शिवणाच्या दुकानी गेल्या. गणवेशाचे माप द्यावयाचे निमित्त केले. हे आम्हांस पुढे मुलीच्या वडिलांनी सांगितले. माप घेता घेता मातंग मुलगी त्यांना म्हणाली, "काका, झाडू तिच्या हातात आहे, कारण ती मुलगी आहे. माझ्या हातात झाडू पण आणि बादली पण. तिनं माझ्या बादलीबद्दल लिहिलं. तिच्या झाडूबद्दल आम्ही लिहिलंय. तिला शाळेत पाठवा." त्यांनी टेप गळ्यात घातली, यंत्र बंद केले आणि मुलीस दुसऱ्या दिवशी स्वतः शाळेत आणून सोडले. आमच्याकडे पाहिले नाही.

अर्जाचे पुढे काय झाले ते सांगतो. कागद कचेरीत घेण्याची पद्धत सुरू झाली. किल्ली मुलींकडे आली. झाडण्याच्या पाळीत मुलगे आले. चार-दोन पालक तक्रार करीत आले, परंतु मुख्याध्यापक ठाम राहिले. स्वच्छतागृहाच्या पाळीस मात्र पालकांनी साफ नकार दिला, तेव्हा शाळेने महिन्याच्या मजुरीवर एक बाई ठेवली. ती कोण, तर त्याच मातंग मुलीची चुलती. बादली पुतणीच्या हातून सुटून चुलतीच्या हाती गेली. बाकावरच्या चौघींनी ते पाहिले आणि पुन्हा अर्ज करावयाचे ठरविले होते; परंतु दिवाळी झाली, एक तांड्याबरोबर ऊसतोडीस गेली, पुढे परीक्षा आली. आमच्या माहितीप्रमाणे ते तसेच राहिले.

ज्ञातिबंधूंनो, ही गोष्ट आपल्या मेळाव्यात का सांगतो, असे काहींच्या मनात आले असेल. आपली संस्था चांगले काम करते याविषयी आमच्या मनात किंतु नाही. आमच्याच दोन्ही मुलांची शिक्षणे संस्थेच्या मदतीने झाली. परंतु त्या दुकानात बसून आम्ही जे बोललो ते ज्ञातीच्या नावाने बोललो. आपली मुलगी एवढीच आमची दृष्टी होती. तिचे भले कशात आहे हे आम्ही ठरविले, ती मुलगी आहे म्हणून. आणि कोणापासून दूर ठेवावयाचे हे ठरविले, ती आपल्या जातीची आहे म्हणून. तिच्या मैत्रिणीच्या हाती बादली देणारा नियम आणि हिला आठ दिवस घरी बसविणारा नियम एकच होता, हे त्या पोरींना कळले होते. आम्हांस कळावयास पुष्कळ वर्षे लागली.

आपण संत नामदेवांचे नाव घेतो. त्यांच्या घरी दळण-कांडण करणारी जनाबाई गंगाखेडची, बाई आणि दासी. तिचे अभंग आपल्या प्रत्येक कार्यक्रमाच्या आरंभी म्हटले जातात, आजही झाले. आपल्या शिष्यवृत्तीच्या अर्जात 'ज्ञाति' या रकान्यात तिने काय लिहिले असते, असा विचार आम्ही आज सकाळी अभंग चालू असताना करीत होतो. कार्यकारी मंडळाने मनावर घ्यावे म्हणून सुचवितो की, संस्थेच्या अभ्यासिकेची दारे तरी गावातील कोणत्याही मुलीस मोकळी करावीत. खुर्च्या दुपारभर रिकाम्याच असतात.

दुसरी गोष्ट या स्मरणिकेविषयी. मागे सभासद-कुटुंबांची सूची असते. ज्या मुलाने अन्य ज्ञातीतील मुलीशी विवाह केला, त्याचे नाव सूचीत राहते, सुनेचे नावही येते. हे योग्यच आहे. मुलीने तसे केले तर तिच्या वडिलांच्या नावापुढील ओळीतून ती नाहीशी होते. असा लेखी नियम घटनेत नाही, आम्ही चिटणीसांना विचारून घेतले. बादलीच्या पाळीप्रमाणे हाही कोणी लिहून न ठेवलेला आहे.

शिवणकामाच्या दुकानातील त्या मुलीने २०२२ मध्ये स्वतःच्या पसंतीने अन्य समाजातील मुलाशी लग्न केले. ती आज नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे. बाकावरच्या उरलेल्या तिघी लग्नास होत्या. ऊसतोडीस जाणारी कडेवर मूल घेऊन आली होती. आम्हांसही पत्रिका होती. आम्ही गेलो, मागच्या रांगेत बसलो. त्या वर्षीच्या आणि पुढच्याही स्मरणिकेत तिचे नाव नाही.

नातीस आम्ही त्या रात्री हे सारे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मग तुम्ही त्यांची माफी मागितलीत?" दुकानातल्या मुलीची मागितली होती, लग्नाच्या मांडवात. मातंग मुलीची मागितली नव्हती. ती त्या मांडवात आमच्यापासून दहा हातांवर वाढपाची देखरेख करीत होती आणि आम्ही जेवून निघून आलो होतो. गेल्या महिन्यात पत्ता मिळवून तिला पत्र लिहिले आहे. उत्तर आलेले नाही. येईलच असा आमचा आग्रह नाही.

पुढील स्मरणिकेच्या सूचीत त्या शिक्षिकेचे नाव तिच्या पतीच्या नावासह घालावे, असा अर्ज आम्ही आज सभेपूर्वी चिटणीसांच्या हाती दिला आहे. पहिली सही आमची आहे. दुसरी तिच्या वडिलांची आहे. ते येथे तिसऱ्या रांगेत बसले आहेत. खाली जागा पुष्कळ मोकळी ठेवली आहे, आणि पेन टेबलावर आहे.